घाटनांदूरचा कोरडा स्लॅब

ज्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण नवऱ्याबरोबर सिमल्याला गेली, त्याच उन्हाळ्यात मी एकटी घाटनांदूरला जाऊन आले. परतल्यावर तिने बर्फाच्या शिखरांचे फोटो दाखवले, मी सिमेंटच्या छताचे. तिच्या फोटोंना फ्रेमा झाल्या. माझे फोटो आईने भाजी निवडता निवडता उरकले आणि विचारलं, "बीड जिल्ह्यात कुणी हौसेनं जातं का गं?" हौसेनं मीही गेले नव्हते, पोटासाठी गेले होते. पण सिमल्यात बहिणीला जे कुणी भेटले ते सगळे पुण्याचेच निघाले. मला भेटलेली माणसं पुण्यात शोधूनही सापडायची नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात नोकरीला. गळक्या भिंती, गळक्या टाक्या आणि गळके संडास यांवर लावायची औषधं आम्ही बनवतो. त्या सुमारास देशाची दारं नुकतीच उघडली होती. गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या आणि ज्याला त्याला परदेशी भागीदार हवा होता. आमच्या साहेबांनीही एका जर्मन कंपनीशी सोयरीक जुळवली आणि हुंड्यात एक पावडर आणली.

पावडर दिसायला बारीक साखरेसारखी. चिमूटभर घेऊन पेलाभर पाण्यात टाकली की सगळं पाणी पिऊन साबुदाण्याच्या खिरीसारखी फुगून बसते. जर्मन कागदांत तिला शहाणा पॉलिमर म्हटलं होतं. पाणी केव्हा धरायचं आणि केव्हा सोडायचं हे तिला कळतं, म्हणून शहाणा. सिमेंटमध्ये कालवली की ती कालवणातलंच थोडं पाणी पोटात धरून ठेवते आणि सिमेंटला आतून तहान लागेल तसं सोडत जाते. एरवी स्लॅब टाकल्यावर त्यावर मातीची आळी करून पंधरवडाभर पाणी तुंबवावं लागतं, नाहीतर तो तडकतो आणि कच्चा राहतो. या पावडरीने ते पाणी वाचतं, असं जर्मनांचं म्हणणं. त्यांच्याकडे बारमाही पाऊस. तेव्हा त्यांनी हे कुठे तपासलं देव जाणे.

"जिथं खरोखर पाणी नाही तिथं करून दाखवा," साहेब म्हणाले. "जमलं तर पावडर बाजारात आणू. नाही जमलं तर तुम्ही पुन्हा संडास विभागात."

जाताना त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली. परदेशात हीच पावडर तान्ह्या पोरांच्या कागदी लंगोटांत घालतात, हे गावात कुठे बोलायचं नाही. मी तोंडाची फटकळ आहे हे त्यांना ठाऊक होतं.

अंबाजोगाई

अंबाजोगाई हे शिकणाऱ्यांचं आणि आजाऱ्यांचं गाव. सकाळी रस्त्याने हातात वह्या घेतलेली पोरं आणि हातात एक्स-रे घेतलेली म्हातारी माणसं चालत असतात, आणि दोघं एकाच टपरीवर चहाला थांबतात. मी एस.टी.तून उतरले तेव्हा माझ्या हातात तराजूची काळी पेटी होती. इथे काळी पेटी घेतलेली बाई म्हणजे डॉक्टरीण. टपरीवर बाकावर टेकले नाही तोच एका पागोटेवाल्याने माझ्यासमोर जीभ काढली.

"डॉक्टरीणबाई, बघा की जरा."

"अहो, मी डॉक्टर नाही. मी सिमेंटची आहे."

त्याने जीभ आत घेतली, क्षणभर विचार केला आणि धोतर वर सरकवलं. "मग ह्या गुडघ्यात थोडं भरा की."

तेवढ्यात मन्मथअप्पा आले म्हणून गुडघा वाचला. अप्पा घाटनांदूरचे लोखंड-सिमेंटचे व्यापारी, आमच्या कंपनीचा माल ठेवणारे. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी. मला न्यायला ते टेम्पो घेऊन आले होते. पावडरीबद्दल त्यांनी फोनवर ऐकलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवतील तर ते व्यापारी कसले. मी टपरीवरच पाण्याने भरलेल्या गिलासात चमचाभर पावडर टाकली, थोडं थांबले आणि गिलास त्यांच्या डोक्यावर उपडा धरला. थेंब पडला नाही.

"आयला, हे तर लई भारी हाय बे!" अप्पा ओरडले, आणि लगेच जीभ चावून त्यांनी दोन्ही कान धरले. "माफ करा जी मॅडम. तोंडातून गेलं."

मी म्हटलं, असू द्या. पुण्यात मला कुणी इतक्या मनापासून 'बे' म्हटलं नव्हतं.

टेम्पोत सळयांच्या खडखडाटात अप्पा मोठ्याने बोलत होते. "आमच्याकडं समदं मिळतं मॅडम. टीव्ही मिळतो, थंडा मिळतो, आता तुमची जर्मन पावडर बी मिळंल. पानी तेवढं न्हाई." दोन्ही बाजूंना डोंगराचे उतार उन्हाने भाजून काढल्यासारखे दिसत होते. मधूनच एखादा हिरवा लिंब आणि त्याखाली सावलीच्या मापाने बसलेल्या शेळ्या. सिमल्याची आठवण मी मुद्दाम काढली नाही.

घाटनांदूर

पुण्यात पाहुण्याला "पाणी हवंय का?" असं विचारायची रीत आहे. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, पाहुण्यालाही असतं. घाटनांदूरच्या त्या गल्लीत कुणी विचारलं नाही. दारात पाऊल टाकलं की हातावर गुळाचा खडा आणि समोर पाण्याचा तांब्या. मी उन्हाने कावलेली, त्यामुळे चार घरचे तांबे गटागटा रिकामे केले. हे पाणी कुठून येतं हे मला नंतर कळलं.

अख्ख्या गल्लीला एकच आड. तो कौसाबाईंच्या अंगणात. कौसाबाई साठीच्या, सडसडीत, रहाटाशेजारी काठी घेऊन बसलेल्या. सकाळी प्रत्येक घराला मोजून दोन कळश्या, त्यानंतर दोर काढून घेतलेला. पंचांनी ठरवलं होतं की पाऊस पडेपर्यंत आडाचं पाणी बांधकामाला द्यायचं नाही. ठराव पंचांचा असला तरी काठी कौसाबाईंची होती.

आणि नेमकं त्याच आडाला लागून सुलोचनाबाईंचं घर. त्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. जुने पत्रे सडले म्हणून त्यांनी ते उतरवले, भिंती उभ्या केल्या, सळया बांधून घेतल्या, आणि ठराव झाला. आता दोन मुली आणि सगळा संसार अंगणात ताडपत्रीखाली. पत्रे भंगारात गेलेले. पावसाआधी स्लॅब झाला नाही, तर भिंती भिजतील आणि पोरींना घेऊन कुणाच्या तरी ओसरीवर दिवस काढावे लागतील. कालवण्यापुरता एक टँकर अप्पांनी कसाबसा जोडून दिला होता. त्यानंतर थेंब मिळणार नव्हता. म्हणून आमची पावडर.

"मॅडम, खरंच बिनपान्याचा टिकंल का?" सुलोचनाबाईंनी विचारलं. अंगणवाडीतल्या पोराचं वजन पाहावं तशा त्या माझ्याकडे बारकाईने बघत होत्या.

"टिकेल," मी म्हटलं. जर्मनांच्या भरवशावर माणूस काहीही बोलतो.

सुलोचनाबाई आणि कौसाबाई यांच्यात बोलचाल बंद होती. कारण पन्हाळ. नव्या छताचा उतार आडाच्या बाजूला होता, म्हणजे पावसाचं पाणी पाइपातून कौसाबाईंच्या अंगणात पडणार. कौसाबाईंचं म्हणणं, दुसऱ्याच्या घरचं पानी माझ्या अंगणात न्हाई पायजे. तेव्हापासून त्यांना सुलोचनाबाईंना काही सांगायचं असलं की त्या आपल्या शेळीला सांगत. शेळी दावणीला, सुलोचनाबाई भिंतीपलीकडे, आवाज दोघींना पुरेल एवढा. आमच्या सोसायटीत अबोला धरलेले लोक सूचनाफलकावर चिठ्ठ्या लावतात. त्यापेक्षा शेळी बरी. निदान ती मान हलवते.

स्लॅबचा दिवस हा तिथे लग्नासारखा असतो. सकाळी नारळ फुटला, फळ्यांना हळदकुंकू लागलं, पाट्या उचलणाऱ्या बायकांची रांग शिडीला लागली. मिस्त्रीचं नाव शब्बीर. पोट सुटलेला, तोंडात पान, आणि दर दोन वाक्यांत त्याच्या उस्तादाचं नाव. मी प्रत्येक पोत्यामागे पावडर तोलून टाकत होते. पावडर पाणी पिते, त्यामुळे माल दाट होतो. हे कागदावर ठीक असतं, पण मिस्त्रीला दाट माल म्हणजे शिवी.

"मॅडम, माल लई घट हाय. बादलीभर पानी मारा."

"एक थेंब नाही."

"अवो, माझ्या उस्तादानं असा माल बगितला असता तर तिथंच त्येच्या मयताची नमाज पढली असती."

तो माझी नजर चुकवून तीनदा बादलीकडे गेला. शेवटी मी पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर जाऊन बसले आणि स्लॅब होईपर्यंत जागा सोडली नाही. पाणी लागलं की जरा सरकून मीच मोजून द्यायचे. पुण्याहून एवढी शिकलेली बाई येते आणि दिवसभर पिंपावर बसते, हे बघायला शाळेतली पोरं सुट्टीत येऊन गेली.

घोटाळा संध्याकाळी झाला. शेवटची पाटी पडली, सगळे घामाघूम होऊन टेकले, आणि कुणीतरी सहज विचारलं, "मॅडम, ही पावडर आजून कशाकशात घालत्यात?" मी दिवसभर उन्हात बसून डोक्याने वितळले होते. "तिकडे तान्ह्या पोरांच्या लंगोटात," मी म्हटलं. "पोर कितीही मुतलं तरी कोरडं राहतं."

अप्पांनी डोळे मिटून गळ्यातल्या डबीला हात लावला. मग भिंतीपलीकडून कौसाबाईंचा आवाज आला. त्या शेळीला सांगत होत्या, "ऐकलं का गं? सुलीच्या घराला लंगोट बांधलाय म्हनं."

अशी गल्ली हसताना मी पुन्हा पाहिली नाही. शब्बीर मिस्त्रीला पान गिळता येईना आणि थुंकता येईना. सुलोचनाबाई पदर तोंडावर घेऊन हसत होत्या, पण त्यांचे डोळे वर ओल्या छताकडे होते.

स्लॅबचं जेवण देणं रीतीचंच. बोकड पडला होता. अप्पा शाकाहारी, त्यामुळे मटणाचा वास सुटायच्या आत त्यांना दुकानातला हिशेब आठवला. मी बाजरीची भाकरी, लाल रस्सा आणि कांदा असं पोटाला तडस लागेपर्यंत जेवले. जेवण झाल्यावर मी सगळ्यांना उभं करून भाषण दिलं. या स्लॅबवर कुणी पाणी घालायचं नाही. घोटभरही नाही. पाणी पडलं तर स्लॅब पावडरीने टिकला की पाण्याने, हे कुणालाच कळणार नाही आणि माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. कौसाबाईंनी शेळीला सांगितलं, "इथं पेयाला न्हाई, छताला कोन पाजतंय!"

त्याच मालाचे मी लोखंडी साच्यांत काही चौकोनी ठोकळेही काढले होते. ते नंतर पुण्याला नेऊन यंत्राखाली फोडून बघायचे, म्हणजे माल किती पक्का झाला ते कळतं. ठोकळे मी अप्पांच्या ताब्यात दिले. कोरडे ठेवा, म्हटलं. अप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि कपाळाला लावले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

उमापूर

मधल्या दिवसांत मला जिल्ह्यातली दुसरी कामं होती. त्यातलं एक थेट दुसऱ्या टोकाला, गेवराईपलीकडे उमापूरला. तिथले दादासाहेब म्हणजे मोठे जमीनदार आणि राजकारणातलं जुनं खोड. त्यांच्या मळ्यातली गुरांची टाकी गळत होती. त्यासाठी आमचं दुसरं औषध नेलं होतं. तेही पॉलिमरच, पण पातळ. सिमेंटमध्ये कालवून आतून लेप द्यायचा, भेगा बुजतात. रंगाला पांढरंशुभ्र, दिसायला थेट म्हशीचं दूध.

गळती थांबवणाऱ्या औषधाचा डबा एस.टी.त गळू लागला. गेवराईच्या स्टँडवर मी दुधाची एक किटली विकत घेतली आणि औषध तीत ओतलं. उमापूरला पोचल्यावर किटली ओसरीवर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. परत येऊन बघते तर ओसरीवर किटली नाही आणि स्वयंपाकघरातून चहाचा वास.

चहा आला. म्हणजे कप आले. चहा आत बसून होता. दादासाहेबांनी चमचा घातला आणि उचलला, तर चहा चमच्याबरोबर लांब होत वर आला. त्यांच्याभोवती बसलेल्या कार्यकर्त्यांपैकी कुणाची हसायची हिंमत होईना. एक जण हळूच म्हणाला, "दादा, म्हैस सरकी खाती का रबर?"

मी खरं काय ते सांगून माफी मागितली. दादासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "कुनी पिलं न्हाई, मग काय झालं? पातेलं तेवढं आता जल्मात गळनार न्हाई." मग पुढे वाकून, आवाज उतरवून विचारलं, "मॅडम, हे आमच्या पार्टीत थोडं घालता येईल का? मानसं लई फुटायलीत."

"एवढं चिकट अजून निघालं नाही, दादासाहेब."

त्यावर ते इतके खूश झाले की हुरड्याच्या दिवसांत यायचं आमंत्रण तिथल्या तिथे मिळालं. उरलेल्या औषधात टाकीचा लेप झाला. रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. दही मी दोनदा हुंगून घेतलं.

उमापूरच्या एस.टी.डी. बूथवरून मी अप्पांना फोन लावला. जीव सगळा स्लॅबात अडकला होता.

"स्लॅब कसा आहे?"

"ठनठनीत कोरडा."

"आणि माझे ठोकळे?"

"काय बोलता मॅडम! देवासारखं जपायलोय."

पुन्हा घाटनांदूर

परतले तेव्हा ऊन आणखी चढलं होतं. आड खाली गेला होता आणि घरामागे दोन कळश्यांची दीड कळशी झाली होती. तरी माझ्यासमोर गुळाचा खडा आणि तांब्या आलाच. या खेपेला मी ओठ ओले करून तांब्या खाली ठेवला.

मी सगळ्यात आधी शिडी चढून वर गेले. छतावर कुरडया आणि पापड वाळत घातलेले. आसपासच्या साऱ्या घरांच्या बायकांना वाळवणासाठी नेमकं हेच छत सापडलं होतं. कुरडया बाजूला सरकवून मी गुडघ्यांवर बसून इंच न् इंच पाहिलं. एक तडा नव्हता. नखाने खरवडलं, भुकटी नाही. एका कोपऱ्यात तर ज्वारीचा दाणा पडून त्याला हिरवा कोंब आला होता. पावडरीने धरलेल्या ओलाव्याचा केवढा हा प्रताप! मी तो दाणा घेऊन खाली उतरले, गल्लीला कोंब दाखवला आणि शहाण्या पॉलिमरवर छोटंसं भाषण ठोकलं. सगळे माझ्याकडे फार कौतुकाने बघत होते. कुणीही काही विचारलं नाही. कौसाबाईंनी शेळीलासुद्धा काही सांगितलं नाही, आणि हे मला खटकायला हवं होतं.

फळ्या आणि टेकूच्या बल्ल्या काढायच्या होत्या. सुलोचनाबाईंनी पोरींना लांब लिंबाखाली बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. शब्बीर मिस्त्री हातोडा घेऊन खोलीत उभा राहिला आणि दाराकडे तोंड करून म्हणाला, "माझ्या उस्तादाचा रिवाज हाय. बल्ली निघताना ज्याचं ज्याचं कायबी ह्या स्लॅबात हाय, त्यानं खाली उभं रहायचं. बाकीच्यांनी भाईर. कुनी लपून भाईर राहिला, तर त्याच्या नावानं स्लॅब गळतो."

सुलोचनाबाई आत गेल्या. मिस्त्री माझ्याकडे बघू लागला. "मॅडम, पावडर तुमची."

कागदावर विश्वास ठेवणं आणि छताखाली उभं राहणं यांत फरक आहे. जर्मनांपैकी एकही जण आसपास नव्हता. पण सुलोचनाबाईंनी हात पुढे केला आणि मी तो धरून आत गेले.

मिस्त्रीने हातोडा उचलला. तेवढ्यात दारातून पिठाच्या गिरणीवाला आत आला आणि भिंतीला लागून उभा राहिला.

"तुमी कावून आले?" मिस्त्रीने विचारलं.

गिरणीवाला छताकडे बघत म्हणाला, "तांब्याभर पानी घातलंतं. दुपारचं. लई तापलंतं वो."

मी ओरडणार, तोच त्याची बायको आत आली. "दोन तांबे," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग शाळेतले गुरुजी आले. मग चहावाला. मग कुरडयांवाल्या बायका, घोळक्याने. दुपारी गल्ली झोपली की प्रत्येक जण आपल्या वाटणीतलं पाणी घेऊन शिडी चढत होता. वर कुणाची गाठ पडली, तर कुरडया उलट्या करायला आलोय असं एकमेकांना सांगत होते. अख्खी गल्ली एकमेकांपासून चोरून, झोपेचं सोंग घेऊन, माझ्या स्लॅबला पाणी पाजत होती.

"अहो, पण मी सांगितलं होतं ना! कशाला घातलंत?" माझा आवाज रडकुंडीला आला होता.

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, तुमचं शास्त्र बरोबरच आसंल. पन नवा स्लॅब उन्हात कोरडा पडलाय आन् आपन सावलीत पानी पितोय, हे बघवत न्हाई. तान्हं लेकरूच असतं ते."

खोली भरत चालली होती आणि माझा प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता. राग आला होता, खूप आला होता. तरी मनाशी म्हटलं, हरकत नाही. ठोकळे आहेत. तेवढ्यात मन्मथअप्पा धोतराचा सोगा सावरत उंबरा ओलांडून आत आले आणि खाली मान घालून उभे राहिले.

"अप्पा! ठोकळे?"

"लिंगपूजेचं तीर्थ पायदळी टाकता येत न्हाई मॅडम. रोज अंगनातल्या बेलाला घालायचो. बेल वाळला." त्यांनी कान धरले. "ठोकळे चौकोनी हायत, पन दगूडच की. मनलं, त्येंच्यावर घालावं. बेलपान बी वाहिलं एखादं."

जिल्हा पाण्यावाचून तडफडत होता आणि त्यात मला हातभर काँक्रीट कोरडं ठेवता आलं नाही. मला हसू फुटलं आणि ते थांबेना. पुण्याला गेल्यावर साहेबांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पुढचा प्रयोग त्यांनी राजस्थानात ठरवला आणि तोवर मला संडास विभागात बसवलं.

मिस्त्रीने पुन्हा हातोडा उचलला आणि पुन्हा थांबला. दारात कौसाबाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात शेळीचं दावं.

ज्या बाईने दोर काढून घेतला, ठराव पाळायला लावला, ती उंबऱ्यावर. सुलोचनाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. कौसाबाई कुणाकडेही न बघता आत आल्या, गर्दीतून वाट काढत खोलीच्या मधोमध, अगदी सुलोचनाबाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी बी?" मिस्त्रीच्या तोंडातलं पान थांबलं.

"माझ्या आंगोळीचं घातलं. रोज," कौसाबाई म्हणाल्या. "आंगोळ न्हाई केली म्हून मानूस मरत न्हाई. मार हातोडा."

पहिली बल्ली पडली. मग दुसरी. फळ्या धडाधड सुटत होत्या, धूळ उडत होती, लहानथोर सगळे माना खाली घालून, एकमेकांना चिकटून उभे. कुणीतरी देवाचं नाव घेत होतं, मिस्त्री त्याच्या उस्तादाचं. शेवटची बल्ली निघाली आणि आवाज थांबला. आम्ही माना वर केल्या. वर राखाडी, गुळगुळीत, सरळ छत होतं. सुलोचनाबाईंनी हात उंचावला, पण तो पोचेना. मग त्या तशाच, हात वर ठेवून रडू लागल्या. लिंबाखालून पोरी धावत आल्या.

कौसाबाईंनी शेळीचं दावं ओढलं आणि दाराकडे निघाल्या. उंबऱ्यावर थांबल्या. काहीतरी बोलायचं होतं. सवयीने त्या शेळीकडे वळल्या, शेळीने मानही वर केली. मग त्यांनी शेळीला सोडून सरळ शेजारणीकडे पाहिलं.

"सुले," त्या म्हणाल्या, "ती पन्हाळ माझ्याच अंगनात काढ. पार आडावर येऊंदे. एवढं पाजलंय, परत नको का मिळायला?"